मागांच्या खडखडाटात सोलो पॉप अल्बम : घरी काय करायचं, बाहेर काय द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा : सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी गायिका, घराच्या दोन्ही अंगाला यंत्रमागाचे कारखाने. सहा वर्षं ऑर्केस्ट्रात गाते. आता स्वतःचा सोलो पॉप अल्बम करायचा आहे, आठ मराठी गाणी, त्यातली सात नवी आणि एक जुनं गाजलेलं गाणं नव्या ढंगात. हाताशी दोन लाख रुपये. पुण्याला स्टुडिओ घ्यावा की घरीच सेटअप लावावा? बिली आयलिशनं बेडरूममध्ये अल्बम केला, मग इथं का जमू नये?

बेडरूमचं खरं आहे, पण अर्धंच. बिली आयलिशचा २०१९ चा पहिला अल्बम लॉस एंजेलिसच्या हायलंड पार्क भागात, आईवडिलांच्या घरी, भाऊ फिनियसच्या छोट्या बेडरूममध्ये रेकॉर्ड झाला. मिक्सिंग (सगळे ट्रॅक एकत्र बसवणं) मात्र रॉब किनेल्स्की यांनी केलं आणि मास्टरिंग (तयार गाण्यावरचा शेवटचा हात) जॉन ग्रीनहॅम यांनी. दोघंही रोज हेच काम करणारे. शिवाय गाणं बांधणारा माणूस त्याच घरात राहत होता, हा हिशेब कुणी धरत नाही. तीच वाटणी तुम्ही करा. घरी एकच काम नीट करायचं, ते म्हणजे तुमचा गळा. बाकी सगळं बाहेर.

गळाच घरी का, तर पॉप गाण्याचा मुख्य आवाज, डबल (तीच ओळ पुन्हा गाऊन जोडणं) आणि हार्मनी धरून एका गाण्याला सहज पाच-सहा तास जातात. आठ गाण्यांचे चाळीस-पन्नास तास झाले. तासाच्या भाड्यावर गाणाऱ्याचं अर्धं लक्ष घड्याळात असतं, आणि अडीचशे किलोमीटरचा प्रवास करून गेलेला गळा पहिल्या दिवशी नीट लागतही नाही. उलट मिक्सिंगसाठी तुम्हाला पुण्याला जायचंच नाही, फायली जातात.

दोन लाखांची वाटणी मी अशी करेन : माइक, इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी), हेडफोन, स्टँड आणि खोलीचं काम मिळून ४० हजार. संगीत संयोजन गाण्यामागे ९ हजार, म्हणजे ७२ हजार. खरे वादक २० हजार. मिक्सिंग गाण्यामागे ४ हजार, एकूण ३२. मास्टरिंग ८ हजार. फोटो आणि कव्हर १० हजार. उरलेले १८ हजार हात न लावता ठेवा, कारण एक तरी गाणं पुन्हा करावं लागणार. व्हिडिओ यात नाही आणि नसावाच. व्हिडिओचा खर्च एकदा सुरू झाला की तो ऑडिओचे पैसे खातो.

माइक विकत घेण्याआधी पट्टी ठरवा. ऑर्केस्ट्रातल्या गायिकांची इथंच गफलत होते. स्टेजवर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचा असतो, म्हणून पट्टी चढी ठेवायची सवय लागते. माइकसमोर बंद खोलीत तेच गाणं ओरडल्यासारखं येतं. समजा चाल मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंत फिरते. काळी चारला (पेटीवरची चौथी काळी पट्टी षड्ज धरून) खालचा पंचम काळी दोनवर उतरतो आणि वरचा गंधार पांढरी एकवर चढतो. काळी पाच घेतलीत तर हेच सूर पांढरी चार आणि पांढरी दोन होतात. स्टेजवर काळी पाच मजा आणेल, पण रेकॉर्डिंगला दोन्ही पट्ट्यांत मुखडा आणि अंतरा मोबाइलवर म्हणून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. अंतऱ्यातला वरचा सूर लागतोय की नाही एवढंच बघू नका. मुखड्यातले शब्द सहज, बोलल्यासारखे येतात का ते बघा. पॉपमध्ये मुखडा आठ वेळा ऐकू येतो, वरचा गंधार दोनदा. आठही गाणी एकाच पट्टीत बसवायचा मोह होतो, तो टाळा. सलग ऐकताना चौथ्या गाण्यापासून कान मिटतो.

पट्टी आधी पक्की करायचं दुसरं कारण तबला. दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, गाण्याच्या षड्जाला लावतात. काळी एकचा मोठ्या तोंडाचा दायाँ काळी चारला चढत नाही. तबला, ढोलकी रेकॉर्ड झाल्यावर ‘अर्धा सूर खाली घेऊ या’ म्हटलंत तर संगणकावर सूर खाली ओढता येतो, पण शाईचा घुमार चिखलासारखा होतो. आणि चाल बांधताना घरची जुनी पेटी वापरत असाल तर मोबाइलवरच्या ट्यूनरनं ती ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला आहे का बघा. पेटी थोडी चढी-उतरी असली तर तुमचा गळा त्याच सुरांना सवयीनं चिकटतो आणि पुढं कीबोर्डच्या ट्रॅकवर बेसूर वाटतो. दोष गळ्यात शोधला जातो, असतो पेटीत.

लयही आकड्यात लिहून ठेवा. मिनिटाला ९२ ठोके म्हणजे ९२. मेट्रोनोमवर टाळीसकट पूर्ण गाणं म्हणा. अंतऱ्यात श्वास घ्यायला जागा मिळत नसेल तर ९० करा आणि मग तो आकडा बदलू नका. लांबी तीन ते साडेतीन मिनिटं. प्लॅटफॉर्मवर साधारण सात किंवा जास्त गाणी, नाहीतर तीस मिनिटांच्या वर वेळ असेल तरच ‘अल्बम’ धरतात. चार ते सहा गाणी आणि तीस मिनिटांच्या आत असेल तर ते ईपी होतं. म्हणून आठ ठेवलीत ते बरं. एखादं गाणं फसलं तरी सात उरतात.

संयोजकाला देताना तुमच्याकडून पट्टी, लय आणि मोबाइलवर गायलेला कच्चा मुखडा-अंतरा जावा. त्याच्याकडून तुम्हाला आधी साधा ट्रॅक हवा, फक्त ताल, बेस आणि एक कॉर्डचं वाद्य. त्यावर गाऊन घ्या आणि मग सजावट होऊ द्या. भरगच्च ट्रॅक आधी तयार झाला की गायिका त्याच्याशी भांडत गाते. शेवटी त्याच्याकडून प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल घ्यायची, सगळ्या पहिल्या मात्रेपासून सुरू होणाऱ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूपात. नुसती एमपी३ घेऊन काम संपवू नका. ४८ चा आग्रह दोन्हीकडं ठेवा. ४४.१ ची फाइल ४८ च्या प्रोजेक्टमध्ये न बदलता पडली तर ती साधारण नऊ टक्के वेगानं वाजते : ९२ ची लय १०० होते आणि काळी चारचं गाणं पांढरी सहा आणि काळी पाचच्या मधे कुठंतरी लोंबकळतं. ‘ट्रॅक चढलाय, पण का ते कळत नाही’ या तक्रारीमागं बहुतेक वेळा हेच असतं.

आता खोली. यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एक समजतात. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हा एक, आणि आतला आवाज भिंतींवर आपटून परत न येणं हा दुसरा. पहिल्याला वजन आणि फटबंदी लागते, दुसऱ्याला जाड मऊ सच्छिद्र माल. अंड्यांचे ट्रे यातलं काहीच करत नाहीत.

मागांच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो. त्यातला खडखडाट भिंत अडवते, पण धोट्याच्या ठोक्याचा धक्का जमिनीतून येतो आणि माइकच्या स्टँडमधून वर चढतो. त्या ठोक्याला स्वतःची लय असते, तुमच्या गाण्याशी ती कधीच जुळत नाही आणि मिक्समध्ये कॉम्प्रेसर (हळू आवाज वर आणणारं साधन) लावला की ती वर येते. म्हणून कारखान्याकडच्या भिंतीची खोली नको, तळमजला शक्यतो नको. दाराच्या खालची फट रबराच्या पट्टीनं बंद करा. खिडकीत घट्ट बसेल असा १८-१९ मिमी प्लायचा तुकडा कापून घ्या, कडेला रबर लावा, काम झालं की काढून ठेवा. स्टँडखाली जाड रबरी मॅट आणि माइकला शॉकमाउंट (धक्का शोषणारा लवचिक धारक). एवढं करूनही माग चालू असताना रेकॉर्डिंग होणार नाही, ते होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तुमच्या गल्लीतले कारखाने कोणत्या वारी बंद असतात, पाळी कधी बदलते, ते पंधरा दिवस वहीत टिपा आणि त्या फटीत काम बसवा.

शांतता मोजायची रीत सोपी आहे. सर्वात जोराच्या ओळीला माइकची पातळी उणे ८ डेसिबलपर्यंत जाईल असा गेन (माइकचा आवाज वाढवायचा काटा) लावा. मग गेन न हलवता, न बोलता एक मिनिट रेकॉर्ड करा. मीटर उणे ६० च्या खाली असेल तर निवांत गा. उणे ५० च्या वर असेल तर ती वेळ सोडा. मिक्समध्ये कॉम्प्रेशन आठ-दहा डेसिबल आवाज वर खेचतं आणि त्याबरोबर माग, पंखा, शेजारचा मिक्सर सगळंच वर येतं. गोंगाट काढायची सॉफ्टवेअरं आहेत, पण ती ‘स’, ‘श’ आणि श्वास कुरतडतात.

खोलीच्या आतल्या भागासाठी सोलापुरात बसून फोम मागवायची गरज नाही. इंचभर फोम फक्त वरचा चकचकीतपणा खातो, खालची घूम तशीच राहते आणि आवाज कोंदट होतो. भिंतीला चिकटवून टांगलेली एकेरी चादरही तेच करते. आपल्या चादरीचा अभिमान असावा, पण ती पातळ आहे. जाडी लागते. दोन फूट बाय चार फूट, चार इंच खोल अशा लाकडी चौकटी सुताराकडून करून घ्या. त्यात रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) भरतात, घनमीटरला ४८ किलो घनतेचं. ते मिळालं तर उत्तम, फक्त भरताना हातमोजे आणि तोंडाला फडकं. नाहीतर टेरी टॉवेलचा सेकंड माल घ्या, घडी घालून, न दाबता भरा. एका चौकटीला सहा-सात किलो लागतो. वरून कापड असं लावा की तोंड लावून फुंकर मारली तर आरपार जाते; रेक्झिन लावलंत तर सगळं फुकट. अशा सहा चौकटी पुरतात. भिंतीपासून तीन-चार इंच अंतर सोडून उभ्या केल्या तर तोच माल जास्त खालपर्यंत काम करतो. कापूस पेटतो, म्हणून मागं प्लग, बोर्ड किंवा हॅलोजनचा दिवा नको.

चौकटी कुठं ठेवायच्या यात नव्वद टक्के लोक चुकतात. ते माइकच्या पाठीमागं लावतात, कारण फोटोत तसं दिसतं. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा माइक, पाठीमागचं कमीच ऐकतो. त्याचं तोंड तुमच्याकडं असतं, म्हणजे तो तुमच्या पाठीमागची भिंत ऐकतो. सहातल्या तीन चौकटी तुमच्या पाठीशी आणि खांद्यांच्या बाजूंना, एक माइकमागं. उरलेल्या दोन कोपऱ्यांत तिरक्या. आणि खोली चौरस असेल तर जपून. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहा फूट असली की ५६, ११३ आणि १६९ हर्ट्झला तिन्ही दिशांची घूम एकावर एक चढते. १६९ म्हणजे पांढरी तीन-चारच्या आसपास, तुमचा मंद्र. त्यामुळं खालचा एकच सूर फुगून येतो आणि गाणाऱ्याला वाटतं, आपणच तिथं जोर दिला. दहा बाय बाराची, कपडे भरलेल्या कपाटाची, गाद्या रचलेली अडगळीची खोली चकचकीत रिकाम्या खोलीपेक्षा चांगली. उभं राहायचं ते मधोमध नाही आणि कोपऱ्यातही नाही, एका भिंतीपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर.

माइक कोणता? तुमच्या जागी डायनॅमिक. शुअर एसएम५८ पुरेल. मायकल जॅक्सनच्या १९८२ च्या ‘थ्रिलर’मध्ये ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडीन यांनी मुख्य आवाजासाठी शुअरचाच एसएम७ हा डायनॅमिक माइक वापरला होता, त्यामुळं स्टेजचा माइक म्हणून नाक मुरडू नका. डायनॅमिक माइक बाहेरचा आवाज जादूनं गाळत नाही. त्याला जवळून गावं लागतं, म्हणून गळा मोठा आणि गोंगाट लहान येतो, एवढंच. एसएम७बी घ्यायचा विचार असेल तर त्याला साठ डेसिबलच्या आसपास गेन लागतो; स्वस्त इंटरफेस तिथं सुसू करायला लागतो. बाजारात ५८ च्या नकला इतक्या आहेत की बिलाशिवाय घेऊच नका. खोली खरंच शांत सापडली, नातेवाइकांची जुळे सोलापूरला किंवा होटगी रस्त्याला रिकामी खोली असेल, तर कंडेन्सर घ्या. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० किंवा रोड एनटी१ च्या दर्जाचा, ४८ व्होल्ट फँटम (इंटरफेसमधून माइकला मिळणारी वीज) चालू करून. श्वासाचा पोत त्यात जास्त सुंदर येतो.

वीज हा इथला वेगळा अध्याय. रेकॉर्डिंगला बारीक ‘घूं’ ऐकू आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. यूएसबीवर चालणारा इंटरफेस आणि बॅटरीवरचा लॅपटॉप ही सर्वात स्वच्छ जोडी. चार्जर काढल्यावर घूं गेली तर दोष चार्जरमध्ये किंवा घराच्या अर्थिंगमध्ये असू शकतो, वायरमनला दाखवा. दोन पिनांची जुगाड वायर लावून आवाज जातो, पण धातूचा माइक ओठाला लागून झटका बसू शकतो. साध्या इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग नको; चौकोनी लहरीचा आवाज माइकच्या वायरीत उतरतो. डिमर आणि जुनी ट्यूब बंद.

आता दिवस. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असताना पंखा बंद करून गाणं होत नाही, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. त्यातही संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांच्या यात्रेचे आणि गड्ड्याच्या जत्रेचे दिवस सोडा. आठवड्यातला पाणी येण्याचा दिवसही सोडा. त्या दिवशी गल्लीभर मोटारी चालू असतात आणि घरातलं कुणीच तुमच्यासाठी थांबणार नाही. जेवण गाण्याआधी तीन तास. शेंगाचटणी त्या दिवशी नको. तिखटापेक्षा तिचा कोरडा भुगा घशात अडकतो आणि दर दोन ओळींनी खाकरावं लागतं. पाणी साधं, थोडं थोडं. पंचेचाळीस मिनिटं गायचं, पंधरा मिनिटं दार उघडून पंखा.

माइक तोंडापासून किती लांब? डायनॅमिक असेल तर चार-पाच बोटं, कंडेन्सर असेल तर वीतभर. मधे पॉप फिल्टर. माइक थेट ओठांसमोर न ठेवता दोन बोटं वर, नाकाच्या शेंड्याजवळ, किंचित खाली झुकलेला. कारण मराठीचे महाप्राण. ‘भ’, ‘फ’, ‘ध’, ‘घ’ म्हणताना तोंडासमोर तळहात धरून बघा, वाऱ्याचा झोत सरळ आणि थोडा खाली जातो. ‘भिजलेली’ या शब्दाचा ‘भ’ माइकवर सरळ आदळला तर ‘धप’ असा खालचा ठोका बसतो. तो पुढं फिल्टरनं कापला तर ‘बिजलेली’ ऐकू येतं. ऑर्केस्ट्रात माइक ओठाला लावायचा आणि वरच्या सुराला झटकन हातभर लांब न्यायचा ही सवय असते. ती इथं विसरा. अंतर बदललं की आवाजाचा रंग बदलतो आणि दोन टेक जोडताना सांधा दिसतो. पायाशी जमिनीवर टेप लावून खूण करा. वरच्या सुराला मान किंचित वळवा, पाय हलवू नका.

आणखी एक भाषेचं. लांबवायचा तो स्वर, अनुस्वार नाही. ‘रंग’ वर थांबायचं असेल तर ‘र’मधला ‘अ’ लांबवून अनुस्वार शेवटी घ्या. सुरुवातीलाच अनुनासिक झालं तर आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. घाईत ‘ळ’ चा ‘ल’ आणि ‘ण’ चा ‘न’ होतो, तो कुठल्याही प्लगइननं परत मिळत नाही. टेकच्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी शब्दांचा कागद घेऊन बसवा. गाणाऱ्याला स्वतःचं ‘ळ’ ऐकू येत नाही.

हेडफोन बंद कपांचा. एक कान उघडा ठेवायची सवय असेल तर त्या कानाचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये बंद करा, नाहीतर क्लिक माइकमध्ये शिरते आणि गाण्याच्या शेवटच्या शांत ओळीत ‘टिक टिक’ ऐकू येते. रेकॉर्डिंग करताना सॉफ्टवेअरमधला बफर १२८ किंवा ६४ सॅम्पल. ५१२ वर स्वतःचा आवाज उशिरा कानात येतो आणि गायिका नकळत मागं पडत जाते. पातळीचं टोक उणे १० ते उणे ६. २४ बिटला कमी पातळीनं काही बिघडत नाही, शून्याला टेकलं की मात्र तो टेक गेला. पातळी पहिल्या हळू ओळीवर लावतात आणि अंतऱ्यात फुटते, हे ठरलेलं. आधी सर्वात जोराची ओळ गाऊन लावा.

पहिले तीन टेक अखंड, न थांबता, चुका झाल्या तरी. भाव इथंच सापडतो. मग ओळीओळीनं पाच-सहा. मग कागदावर प्रत्येक ओळीसमोर टेकचा आकडा. हे निवडीचं काम त्याच रात्री करू नका. निवडताना सुरापेक्षा शब्दाचा भाव धरा, सूर थोडा सरकवता येतो. ध्रुवपदासाठी आणखी दोन टेक डबल म्हणून घ्या, एक डावीकडं, एक उजवीकडं, मुख्य आवाजापेक्षा दहा-बारा डेसिबल खाली. डबलमध्ये ‘स’, ‘च’, ‘ट’ मुद्दाम मऊ म्हणा किंवा गाळा. तिन्ही टेकांतले ‘स’ मागंपुढं पडले की फटाक्याची लड लागते.

सूर दुरुस्तीचं सॉफ्टवेअर वापरा, लाज नाही. ऑटो-ट्यून १९९७ पासून बाजारात आहे आणि पॉपमध्ये ते सर्रास चालतं. पण मींड आणि मुरकी त्याला कळत नाहीत. मधल्या स्वरांवर ते पायऱ्या पाडतं. वेगाचा काटा शून्याला नेला की यंत्रासारखा आवाज येतो. तो परिणाम हवा असेल तरच न्या. नाहीतर मेलोडाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हातानं, फक्त जिथं टिकलेला सूर खाली बसलाय तिथं, आणि मींड जशी आहे तशी सोडून द्या. कोमल गंधाराचं आंदोलन सरळ केलंत की गाण्यातलं मराठीपण गेलं म्हणून समजा.

प्रत्येक गाण्यात एक तरी वाद्य खरं घ्या. ढोलकी, हलगी, संबळ वाजवणारे सोलापूर-तुळजापूर पट्ट्यात आहेत, आणि रेडीमेड लूपमध्ये तो हात येत नाही. हलगी-संबळ फार मोठ्या आवाजाची वाद्यं. तोच एसएम५८ दीड फुटावर ठेवा, गेन निम्म्यावर, आणि चौकटी वादकाभोवती. रेडीमेड लूप घेतलेच तर तेच लूप दुसऱ्यांच्या गाण्यातही असतात हे धरून चाला. यूट्यूबवर त्यावरून दावा येऊ शकतो, म्हणून परवान्याची पावती जपून ठेवा.

मिक्सिंगबद्दल फार सांगायला नको, ते दुसऱ्याचं काम आहे. तुम्ही फक्त तक्रार नीट मांडा. ‘फील येत नाही’ यावर कुणी काही करू शकत नाही. ‘१:१२ ला ढोलकी आल्यावर शब्द बुडतात’ यावर करतं. तीन फेऱ्या आधीच ठरवून घ्या. ऐकायचं ते मोबाइलच्या स्पीकरवर, रिक्षातल्या स्पीकरवर आणि घरच्या ब्लूटूथवर. मोबाइलवर बेसची चाल ऐकू आली नाही तर तसं कळवा. अंतिम फायलींबरोबर मायनस ट्रॅकही (गळ्याशिवायचं संगीत) मागून घ्या. स्टेजवर तोच लागणार आहे, आणि सहा महिन्यांनी मागितला तर प्रोजेक्ट उघडत नाही.

मास्टरमध्ये जोराची शर्यत लावू नका. स्पॉटिफाय आणि यूट्यूब उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा सरासरी जोर मोजायचं माप) आसपास, ॲपल म्युझिक उणे १६ ला आणतं. फार चेपून मोठं केलेलं गाणं ते खालीच ओढतात आणि चेपलेलं ते चेपलेलंच राहतं. शिखर उणे १ डेसिबलच्या वर नको. आठही गाणी एकाच माणसाकडून, एकाच बैठकीत.

आता कागद. मित्रानं कविता दिली, मैत्रिणीनं चाल लावली, सगळं तोंडी, असं चालणार नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणं हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून एका पानावर गाण्याचं नाव, कोणता हक्क, किती वर्षं, जगभर की भारत, मोबदला किती हे लिहा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा त्यांना सोडून देता येत नाही, तेव्हा ‘सगळे हक्क कायमचे’ असलं वाक्य लिहून घेण्यात अर्थ नाही. तुम्हीच चाली बांधल्या असतील तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व घ्या.

ते जुनं गाणं : माझं मत, काढून टाका. कलम ३१सी खाली कव्हर करता येतं, पण मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटलेली हवीत, आधी नोटीस द्यावी लागते, वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते आणि शब्द-चालीत मनासारखे बदलही करता येत नाहीत. तुम्हाला तर बदलच करायचे आहेत. मग मूळ मालकाची थेट लेखी परवानगी लागेल, आणि आठ गाण्यांच्या पहिल्या अल्बमसाठी त्या दारात महिने जातात. त्या जागी संताचा अभंग घ्या. शब्दांवर कुणाचा हक्क नाही. पण रेडिओवर ऐकलेली त्याची लोकप्रिय चाल संगीतकाराची आहे, ती उचलू नका. स्वतःची बांधा.

प्रकाशनाला डिस्ट्रिब्यूटर लागतो, डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअरसारखा. गाण्याला बारा अक्षरी आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) तोच देतो. दोन-तीन गाणी आधी सिंगल म्हणून काढणार असाल तर अल्बममध्ये तीच फाइल आणि तोच आयएसआरसी द्या. अर्धा सेकंद कापून नवी फाइल चढवली की आधीची श्रोतासंख्या जोडली जात नाही. नावाचं रोमन स्पेलिंग आठही गाण्यांत एकच. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर, इन्स्टाचं नाव, ‘लवकरच येत आहे’ असलं काही नको, परत येतं. फायली महिनाभर आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडं गाणं किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं, आणि एका वेळी एकच, म्हणून कुठलं ते आधी ठरवा. २०२४ पासून तिथं बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. घरी-दारी पाहुण्यांना आठही गाणी पाठवण्यापेक्षा दोन गाण्यांवर जोर द्या.

सगळे टेक असलेले प्रोजेक्ट दोन डिस्कवर ठेवा. साडेतीन मिनिटांच्या गाण्याचे चाळीस मोनो ट्रॅक साधारण सव्वा जीबी होतात, म्हणजे जागेचा प्रश्न नाही. एक डिस्क घरी, दुसरी दुसऱ्या कुणाच्या घरी. उन्हाळ्यात ती गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर नको.